ब्यूश म्हणजे ओंडका

सेंत-ओदील
बुधवार, ४ मार्च

जनेल,

काल सकाळी दहाच्या सुमाराला शेरीफच्या दोन गाड्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एका म्हातारीला दोन गाड्या. रस्त्यापलीकडच्या लोरेतने बघायला पडदा इतका ओढला की दांडीच खाली आली. तिने स्वतः येऊन सांगितलं, आणि दांडी बसवायला माझाच पेचकस नेला.

एक पोरगा अनोळखी होता. दुसरा गिल्मन सिरवा. बटाटे काढायच्या दिवसांत त्याची आई त्याला माझ्या स्वयंपाकघरात टाकून शेतावर जायची. आता पंचेचाळिशीचा झालाय, पोट सुटलंय. दारात टोपी काढून उभा राहिला. मला अजून तुझ्यासारखं मेमेरच म्हणतो, आजी.

"मेमेर एक्सिल्दा, एक कागद आहे."

"वाच."

"इंग्रजीत आहे."

"मग काय आहे ते सांग."

तो स्वतःच्या बुटांशी बोलायला लागला. "तुमच्या नातीने कोर्टात अर्ज केलाय. म्हणते, तुम्ही जिवाचं बरंवाईट करून घेणार. सुनावणी होईपर्यंत घरातली हत्यारं आम्ही न्यायची."

मी म्हटलं, "आधी बूट पूस, मग आत ये."

तीन हत्यारं नेली. तुझ्या आजोबाची, पेपेरची, हरणांची बंदूक, तळघराच्या जिन्यावरची लहान बंदूक, आणि त्याच्या बापाची ती दुनळी, जिच्यातून मी जन्मल्यापासून बार निघालेला नाही. हरणांची बंदूक टेबलावर होती. गिल्मनने विचारलं, टेबलावर का. मी म्हटलं, साफ करायला काढली, रिकामी आहे. पावती दिली त्यांनी. ती मी साखरेच्या डब्याखाली ठेवलीय. तवा तापलेलाच होता म्हणून कुट्टूच्या पिठाचे प्लॉय घातले. अनोळखी पोरगा नको म्हणाला. गिल्मनने चार खाल्ले, लोणी लावून.

खाता खाता त्याने कागद पुन्हा बघितला आणि घास तोंडात तसाच धरून म्हणाला, "मेमेर, तुम्ही फोनवर नक्की काय बोललात?" मी सांगितलं. तर त्याने टोपी तोंडावर धरली आणि त्याचे खांदे हलायला लागले. हसून झाल्यावर म्हणाला, हुकूम तो हुकूम, मला न्यावंच लागेल. नेलं.

आता ऐक. मी तुझ्या फोनच्या मशीनवर बोलले की कुत्रा गेला, आता मी आपली एक ब्यूश तिरे करते. ब्यूश म्हणजे ओंडका. पूर्वी आमच्या घरांत खुर्च्या कुठे होत्या? कोणी आलं की म्हणायचं, ये, एक ओंडका ओढून घे. म्हणजे बस. पेपेर हे दिवसातून दहादा म्हणायचा, टपाल टाकणाऱ्यालासुद्धा. ओढणं म्हणजे तिरे. गोळी झाडणं म्हणजेही तिरे, तेवढं तुझं बरोबर. पण तू ब्यूशचं बूश ऐकलंस. बूश म्हणजे तोंड. ओठ शीळ घालायला करतात तसे करून आतून ई म्हटलं की ओंडका, ऊ म्हटलं की तोंड. इंग्रजी बोलणाऱ्यांची जीभ आळशी. म्हातारी बसते म्हणाली, आणि तू तिला तोंडात गोळी घालायला लावलीस.

नोव्हेंबरात बंदुका न्यायच्या ह्या कायद्यावर मतं पडली तेव्हा मी विरोधात दिलं होतं. तू बाजूने दिलंस, आणि ते मला फोन करून सांगितलंस, मी विचारलेलं नसताना. आधी कसं होतं, पोलीस, मग डॉक्टर, मग जज. आता घरच्या माणसाने सरळ जाऊन सही केली की झालं. घरचं माणूस म्हणजे माझं कोण उरलंय? तुझी आई गेली, पेपेर गेला. तूच. सगळा कायदा माझ्यासाठी एका पोरीत येऊन बसला.

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. हे पत्र फ्रेंचमध्ये आहे. मला फ्रेंच लिहायला कोणी शिकवलं नाही, कानाला येतं तसं लिहिलंय. डोळ्यांनी वाचलंस तर काही कळणार नाही. मोठ्याने वाच.

मेमेर

*

सोमवार, ९ मार्च

जनेल,

तुझं पत्र आलेलं नाही. मी वाट बघते असं नाही, टपालपेटी दारातच आहे म्हणून दिसते.

इकडे माझं नाव झालंय. शनिवारी कॉफीच्या दुकानात गेले तर रोझेर गेरेट ओरडला, "एक्सिल्दा, ये, एक ओंडका ओढ, पण आधी हात वर कर." सगळं दुकान हसलं. मीही हसले. नंतर त्याला म्हटलं, तुझी बायको चाळीस वर्षं तुला गप्प बस म्हणतेय, तिच्यासाठी कुठला कायदा आहे का बघ. मग सगळे आणखी हसले.

रोझेर नेमबाजीच्या क्लबाचा अध्यक्ष. नंतर माझ्या टेबलावर येऊन बसला, आवाज खाली आणून. म्हणाला, क्लब वकील देतो, तुला काही द्यावं लागणार नाही. वर्तमानपत्रवाला येईल, तुझा फोटो काढील. "हा कायदा काय करतो ते लोकांना दाखवायला आम्हाला तुझ्यासारखंच कोणीतरी हवं होतं. म्हातारी, विधवा, आणि फ्रेंच."

मी म्हटलं, "पांगळी असते तर आणखी बरं झालं असतं ना?"

"चेष्टा करू नको. तू बंदूक साफ करत होतीस, बरोबर? वकील तेवढंच सांगेल. साफ करत होती आणि नातीला भाषा येत नाही. पाच मिनिटांत खटला खलास."

मी मान डोलावली. बंदुकीच्या तेलाचा डबा पेपेर गेल्यापासून कोरडा पडलाय, पण ते त्याला कशाला सांगू.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली ती सांगते. इथले म्हातारे आता पोरांशी फोनवर बोलताना जपून बोलतात. ओनील सगळा हिवाळा 'कंटाळा आला बुवा जगायचा' म्हणायचा. तो शेकोटीत लाकूड घालताना म्हणायचा, जेवताना म्हणायचा, त्यात काही नव्हतं. आता मुलीचा फोन आला की बर्फ किती पडला तेवढं सांगतो आणि ठेवतो. त्याच्याकडे अकरा बंदुका आहेत. मी त्याला म्हटलं, तू पोरीशी हवामानखात्यासारखा बोलतोस. तर म्हणाला, "तू धडा घालून दिलास." तुमच्या कायद्याने हे केलं. लिहून ठेव कुठे लिहायचं असेल तर.

लोरेत पेचकस परत द्यायला आली. गुरुवारी. चहा घेतला, दांडीचं सांगितलं. मग उठता उठता म्हणाली, "माझ्या भावाच्या वेळी असा कागद असता तर मी सही केली असती. माझ्याशी तो आयुष्यभर बोलला नसता. चाललं असतं मला, नसता बोलला तर." तिचा भाऊ फेर्नां. तुला आठवणार नाही, तू लहान होतीस. मी विचारलं, दांडीला स्क्रू कोणते वापरलेस. ती म्हणाली, जुनेच.

सुनावणी सतराला आहे, मंगळवारी. गिल्मन म्हणाला, दुभाषी मिळतो, मागायचा. मी मागितलाय. इंग्रजी मला समजतं, पण इंग्रजीत मी मूर्ख वाटते.

तुझी आई लहान असताना मीच तिला सांगितलं होतं, पुढे पोरं झाली तर त्यांच्याशी घरात फ्रेंच बोलू नको. मला मास्तरणीने 'मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही' हे फळ्यावर शंभर वेळा लिहायला लावलं होतं. इंग्रजीतलं तेवढं एकच वाक्य मला आजही चुकीशिवाय लिहिता येतं. सहावीनंतर मी शाळा सोडून बटाट्यांत गेले. तेव्हा तुझ्या कानाचा दोष थोडा माझ्या खात्यावर टाक. सगळा नाही.

मेमेर

*

शुक्रवार, १३ मार्च

जनेल,

तुझं पत्र काल आलं. फ्रेंचमध्ये लिहिलंस. कोंबडीने लिहिलं असतं तर जरा बरं लिहिलं असतं, पण लिहिलंस. मीही मोठ्याने वाचलं, मग कळलं. तुझ्या दवाखान्यातल्या त्या आपल्याकडच्या, मादवास्काच्या नर्सने तुला माझं पत्र वाचून दाखवलं आणि ती इतकी हसली की रडली, आणि मग तूही रडलीस. ते मी वाचलं. तो निरोप तू अकरा वेळा ऐकलास हेही वाचलं. माझी माफी मागितलीस तेही. सोमवारी कोर्टात फोन करून अर्ज मागे घेणार, मग सुनावणीच होणार नाही आणि गिल्मन बंदुका परत आणून देईल, हेही वाचलं.

मागे घेऊ नकोस.

आता मी लिहिते ते नीट वाच, नर्सला देऊ नकोस. हे तुलाच कळलं पाहिजे, कितीही वेळ लागला तरी.

फिलू एक तारखेला, त्या रविवारी रात्री गेला. कुत्रा चौदा वर्षांचा होता, रडण्यासारखं काही नाही. पण जमीन गोठलेली. कुदळ मारली तर ठिणगी उडते. म्हणून त्याला पेपेरच्या शिकारीच्या कोटात गुंडाळून लाकडांच्या खोपटात ठेवलं, वितळेपर्यंत. गेल्या वर्षी पेपेर जानेवारीत गेला आणि मेपर्यंत कबरस्तानाच्या कोठीत पडून होता, तुला माहीत आहे. तू दोन्ही वेळा आलीस, जानेवारीत आणि मेमध्ये. मधले चार महिने मी रोज कोठीवरून जायचे आणि मला वाटायचं, आत आहे तो, अजून गेला नाही. कुत्र्याच्या वेळी कोट गुंडाळताना मला वाटलं, हे मी आत्ताच केलं होतं. पुन्हा तेच. मे पुन्हा तेवढाच लांब.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी मी बंदूक खुंटीवरून काढली. साफ करायला नाही. तेल घरात नाही, वर्षभर नाही. टेबलावर ठेवली आणि समोर बसले. का, ते मला नीट सांगता येत नाही. मी रडत नव्हते. भूकही लागलेली होती. मला काही वाटत नव्हतं, तेच वाईट होतं. मग मी उठले आणि तुला फोन लावला. तू उचलला नाहीस, तू कामावर होतीस, ते बरोबर आहे. मशीन बोललं. मी म्हटलं, कुत्रा गेला, आता मी एक ओंडका ओढून बसते. बसते असंच म्हटलं मी, ते खोटं नाही. पण कशासमोर बसते ते म्हटलं नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की बंदूक रिकामी होती. नव्हती. रात्रभर ती टेबलावर तशीच होती आणि मी शेजारच्या खोलीत झोपले, झोपही लागली. मंगळवारी गिल्मनने ती उघडली, गोळी बाहेर आली, ती त्याने मुठीत घेतली आणि माझ्याकडे बघितलं नाही. मग प्लॉय मागितले. हो, त्यानेच मागितले, मी घातले असं लिहिलं होतं ते बढाई मारायला. मला वाटतं, माझे हात कशात तरी गुंतावेत म्हणून मागितले त्याने. त्याच्या कागदात गोळीचं लिहिलंय की नाही मला माहीत नाही. विचारलं नाही.

ओंडक्याचं सगळ्यांना सांगत फिरले ते मला बरं वाटलं. दुकान हसलं ते बरं वाटलं. रोझेरचा वकील, फोटो, सगळं बरं वाटत होतं. कोणाला काही विचारायची पाळीच येत नव्हती. मग लोरेत भावाचं बोलली, आणि मी तिला स्क्रू विचारले.

तर मंगळवारी असं कर. जज तुला विचारतील, तू तो शब्द चुकीचा ऐकलास का. हो म्हण, चुकीचा ऐकला. लाज वाटून घेऊ नकोस. पण तू चुकलीस का असं विचारलं, तर त्याला हो म्हणू नकोस. मग मी बोलेन.

क्लबाच्या वकिलाला मी नको म्हणून कळवलंय. रोझेर दुकानात मला बघून पाठ फिरवून बसला. त्याला वाटतं मी घाबरले. वाटू दे. मत मी अजून विरोधातच देईन, पुन्हा मतदान झालं तर. ओनीलच्या पोरीला बापाचा कंटाळा ऐकायला मिळत नाही, ते काही बरोबर झालेलं नाही. पण ती एक गोष्ट आहे आणि माझं स्वयंपाकघर दुसरी.

आज शुक्रवार, उपासाचे दिवस, मटण नाही. मी अंड्यांचं कालवण केलंय. जेवते. जेवते हे तुला कळवायला लिहिलं.

मेमेर

*

रविवार, २२ मार्च

जनेल,

मंगळवारी बर्फाने रस्ता बंद झाला आणि तू कोर्टातल्या पडद्यावर व्हिडिओने आलीस ते एका अर्थी बरं झालं, नाहीतर त्या रस्त्याला घोड्याएवढं मूस हरीण आडवं येऊन मेली असतीस. पण तुझा चेहरा मध्येच अडकला. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, भिंतीएवढी मोठी. शिरस्तेदार बटणं दाबत राहिला, तू काही हलली नाहीस. तू म्हणालीस, त्यापुढचं काही ऐकलं नाहीस, म्हणून सांगते.

तू 'हो, चुकीचं ऐकलं' म्हणालीस तिथपर्यंत सगळं आलं. 'पण' म्हणालीस आणि थिजलीस. मग जजबाई दुभाष्या बाईकडे वळून म्हणाल्या, आजींना विचारा, त्या शब्दाचा अर्थ काय. दुभाषी कुठून आणली होती कोण जाणे, फ्रेंच इतकं गुळगुळीत की माझ्या कानावरून घसरून जात होतं. तिला ओंडका ओढणं माहीतच नाही. तिने जजबाईंना सांगितलं की आजी म्हणतात त्यांना लाकूडतोड करायची होती. मागे गिल्मन बसला होता, तो खोकला. मग मी इंग्रजीत बोलले. मूर्ख वाटले असेन, पण बोलले.

मी म्हटलं, "त्याचा अर्थ बसणे. पोरीने ऐकलं ते वेगळं. पण बंदूक भरलेली होती आणि ती मी भरली होती."

रोझेर मागच्या बाकावर होता, फोटोवाल्याला घेऊन आला होता. फोटोवाल्याने कॅमेरा मांडीवर ठेवला.

जजबाई तरुण आहेत, चाळिशीच्या असतील, राज्याच्या दक्षिणेकडच्या. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "तुम्हाला बंदुका परत हव्यात का?"

मी म्हटलं, "हव्यात. आज नकोत."

"कायद्याने मी एक वर्षापर्यंत ठेवू शकते. एक वर्ष पुरेल का?"

मी म्हटलं, "बघू."

दुभाषीने त्याचंही भाषांतर करायला तोंड उघडलं. जजबाई म्हणाल्या, राहू द्या, समजलं. आणि लिहिलं, एक वर्ष. डॉक्टरचंही काही लिहिलंय, एकदा जाऊन बोलायचं. गिल्मन नेणार म्हणतो. त्या डॉक्टरला फ्रेंच येतं का ते मी विचारलंय. येतं म्हणे, पण व्हरमाँटच्या कॉलेजातलं. म्हणजे बघच.

बाहेर पडताना रोझेर दारात होता. मला वाटलं पाठ फिरवेल. फिरवली नाही. म्हणाला, "तू क्लबाचं नाक कापलंस."

मी म्हटलं, "तुझं इतकं मोठं आहे, उरलं असेल थोडं."

मग तो माझ्याबरोबर गाडीपर्यंत आला, घसरडं होतं म्हणून. माझा दंड धरला आणि फोटोवाल्याला हाताने जा म्हणाला. गाडीशी म्हणाला, त्याची बायको गेल्या वर्षी आजारी होती तेव्हा त्याने आपल्या सगळ्या बंदुका ओनीलकडे नेऊन ठेवल्या होत्या, तीन महिने, कोणाला न सांगता. मी विचारलं, बायकोसाठी की तुझ्यासाठी? त्याने गाडीचं दार उघडून दिलं.

खुंटी रिकामी दिसते. त्यावर मी काही टांगलेलं नाही.

आता तुझं. पाच दिवस झाले, तू रोज सकाळी सातला फोन करतेस. हवामान विचारतेस, काय खाल्लं विचारतेस, मोडकंतोडकं फ्रेंच बोलतेस. तू काय तपासतेस ते मला कळतं. त्याचा मला राग येत नाही, थोडा येतो. काल विचारलंस तसं सरळ विचारत जा, मेमेर, आज तू ठीक आहेस का. मी हो किंवा नाही सांगेन, आणि नाही असेल त्या दिवशीही सांगेन.

पण सातला करू नकोस. सातला मी कोंबड्यांत असते, फोन वाजत राहतो आणि तिकडे तू घाबरतेस. आठला कर.

मेमेर